जुन्या फोनचं गुगल लॉक: एका दुकानदाराच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘गुगल लॉक लागलेला जुना फोन फुकट मिळाला तरी घेऊ नका’ असं मी एका लेखात लिहिलं होतं. रिसेट मारला, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा केला, की आधीचं गुगल खातं मागून अडवणारं कुलूप, ते गुगल लॉक. त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत, आणि निम्मा राग मला रास्त वाटला. तालुक्याच्या गावी तुमचं दुरुस्तीचं दुकान आहे. तुमचं म्हणणं असं, की लॉक लागलेला प्रत्येक सेट चोरीचा नसतो, लोक पासवर्ड विसरतात. लॉक काढून देणारा दुकानदार चोराचा साथीदार होत नाही. आणि चार हजारांचा फोन घेणाऱ्याने बिल-बॉक्स मागायचं, हे शहरातल्यांनाच परवडतं. नातवाने रिसेट मारलेल्या आजींच्या फोनचं उदाहरणही तुम्ही दिलंत.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. चोरीचा फोन आणि पासवर्ड विसरलेला फोन, या दोन वेगळ्या गोष्टी मी एका वाक्यात कोंबल्या. नवा फोन घेताना दुकानातला पोरगाच जीमेल काढून देतो, पासवर्ड त्याच्या मनाचा. खात्याला जोडलेला नंबर पुढे रिचार्ज न केल्याने बंद पडतो. आपल्या नावाचं असं काही खातं आहे, हेच मालकाला ठाऊक नसतं. हे कुलूप २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर आलं ते चोराला अडवायला, पण आपल्या गावांत ते आधी मालकालाच अडवतं. हे माझ्या लेखात यायला हवं होतं.

तेव्हा ते आता सांगतो. कुलूप लागतं ते पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून बाहेरून रिसेट मारल्यावर. फोन उघडत असेल आणि पिन माहीत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन आधी खातं काढून टाकायचं आणि तिथूनच रिसेट करायचा, म्हणजे कुलपाचा प्रश्नच येत नाही. आलंच, तर बऱ्याच फोनांवर खात्याऐवजी जुना पिन किंवा पॅटर्न टाकूनही पुढे जाता येतं. म्हणून विकणाऱ्याला पासवर्डच्या आधी जुना पिन विचारावा. सॅमसंग आणि शाओमीच्या फोनांवर त्या त्या कंपनीच्या खात्याचं आणखी एक कुलूप असू शकतं, तेही आधी काढून घ्यावं. आयफोनचं थोडं सोपं आहे: विकणारा परगावी गेला असला तरी आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन खात्यात जाऊन, आपल्या नावावरचा फोन तो तिथूनच काढून टाकू शकतो. त्याने कुणाला पासवर्ड सांगायची गरज नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी मागे येणार नाही. आजी तुमच्या समोर उभ्या होत्या, फोन त्यांचा होता. गल्ल्यावर कुणी अनोळखी माणूस ‘हे जरा खोलून द्या’ म्हणून सेट टाकतो, तेव्हा तसं नसतं. माझ्या मावसभावाने असाच एक खोललेला फोन साडेपाच हजारांना घेतला. आठ महिने उत्तम चालला. मग पोलीस ठाण्यातून फोन आला. फोन मूळ मालकाकडे परत गेला, ते योग्यच झालं. पैसे गेले ते याचे. विकणाऱ्याचा नंबर केव्हाच बंद झाला होता. चार दिवस मावशी जेवली नाही, कारण त्या घरात पोलिसांचा फोन आधी कधी आला नव्हता.

असं होतं कारण चोरीची नोंद झाली की फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या सेटचा ओळख क्रमांक, देशभर ब्लॉक करता येतो. त्यात कुणी सिम घातलं की माग त्या सिमवाल्याचा लागतो. मधले दोन-तीन हात कुठेच दिसत नाहीत, सापडतो तो शेवटचा गिऱ्हाईक. तुम्ही ज्या गरीब माणसाची बाजू घेता, तोच. आणि आयएमईआय बदलून देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको: २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

बिलाचं म्हणाल, तर ते नसतंच हे खरं. मग निदान एक एसएमएस करा. *#०६# डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर पाठवायचा. केवायएम इंग्रजी अक्षरांत लिहा. सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावरही हीच तपासणी होते. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं की हात जोडायचे. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही नंबर तपासावेत. शिवाय साध्या वहीच्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, आयएमईआय, तारीख, सही आणि ओळखपत्राची झेरॉक्स. ही वही दुकानात असेल तर उद्या चौकशी आल्यावर तुमच्याही कामाची आहे.

हप्त्यावर घेतलेले फोन ही आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं. अशा काही फोनांना हप्ता थकला की लांबून कुलूप लावता येतं, रिसेट करूनही ते जात नाही. ‘हा फोन संस्थेच्या नियंत्रणात आहे’ अशा अर्थाची ओळ पडद्यावर दिसली, तर कर्ज फिटल्याचं पत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि पैसे देण्याआधी, विकणारा समोर असतानाच, रिसेट करून हॉटस्पॉटवर स्वतःच्या खात्याने होम स्क्रीनपर्यंत जावं. वीस मिनिटं लागतात. कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग त्यातच पाहून होतं.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. तिथे आता ‘मालक समोर नसेल तर’ हे शब्द घातले आहेत.

आजींच्या फोनबद्दल एक विनंती. तुम्ही त्यांना नवं खातं काढून दिलं असेल, तर जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड त्यांच्या पासबुकात न लिहिता, घरात ठेवायच्या वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि खात्याला त्यांच्या मुलाचा किंवा लेकीचा चालू नंबर जोडा. नातू पुन्हा कधी रिसेट मारेल, सांगता येत नाही.