पोट सुटलेली वाकळ

गोधडी, म्हणजेच वाकळ, शिवायची तर जुने कपडे लागतात. आमच्या घरात दहा वर्षांपूर्वीचे कपडे आहेत, वीस वर्षांपूर्वीचेही आहेत, पण ‘जुना’ असा एकही नाही, हे मला कपाट उपसल्यावर कळलं. माझा पिवळा पडलेला टेरिकॉटचा शर्ट काढला, तर बायको म्हणाली, "अहो, तो साखरपुड्यातला!" लेकाची दहावीतली जीन्स काढली, तर तो हॉस्टेलवरून फोनवर ओरडला. आणि आईच्या विटक्या साड्या? त्यांचा सौदा बोहारणीशी कधीच ठरलेला. तीन साड्या, वर बाबांची एक पँट आणि बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा. घासाघीस तीन आठवडे चालू होती. शेवटी मीच दुकानातून तसला डबा साडेचारशेला आणला, तेव्हा साड्या माझ्या झाल्या. तरी आई म्हणालीच, "तिचा डबा जाड होता रे."

आजीचं नऊवारी लुगडं मात्र ट्रंकेत निमूट पडलं होतं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. चार घड्या घातल्या की लांबी झाली पावणेसात फूट, माणसाला पुरेल इतकी. लुगडं नेसणाऱ्या बायकांनी गोधडीचं माप डोक्यात ठेवूनच ते विणवून घेतलं असावं, अशी मला दाट शंका आहे. पोटात साड्या आणि (लेकाला न कळवता) जीन्सचे तुकडे भरले, वर-खाली लुगडं घातलं आणि हॉलमध्ये फरशीवर मांडी ठोकली.

तेव्हा हिशेब केला. साधारण सात बाय पाच फूट, इंचभर अंतरावर ओळ, इंचाला दोन टाके, म्हणजे दहा हजार ऐंशी टाके. माझा वेग मिनिटाला तीन, त्यातला एक बोटात. एकूण छप्पन तास. हिशेब आधी करायला हवा होता.

सुती लुगड्यात सुई लोण्यासारखी जायची. साडीतल्या नायलॉनवरून घसरायची. आणि जीन्सची शिवण आली की थांबायचीच. बोटात अंगुस्तानाची टोपी घालून रेटली, तर मागचं टोक अंगुस्तानालाच भोक पाडून आलं. मग पक्कड आणली. पकडीनं सुई ओढणारा माणूस बघून दूधवाल्यानं विचारलं, "दात काढताय का कुणाचा?" चौथ्या दिवशी सुई मोडली आणि तिचं अर्धं टोक आत राहिलं. ते शोधायला बायकोनं देवघराच्या खणातलं लोहचुंबक आणलं. ते तिथं का होतं, हे मी विचारलं नाही.

महिन्याभरानं कऱ्हाडची आत्या आली. गावात तिच्या हातच्या वाकळा नाहीत असं घर नाही. मी कौतुकानं घडी उलगडली. आत्यानं चष्मा लावला, एक टोक धरून झटकलं. सगळी वाकळ सपाट झाली, फक्त मधोमध एक टेंगूळ उभंच राहिलं.

"कुठनं सुरुवात केलीस?"

"कडेनं. तूच सांगितलंस ना, कडेनं आत आत जायचं म्हणून."

"आरं, पर आधी आडवं-उभं कच्चं टाकं घालायचं असत्यात! तू कडंचं समदं कापड रेटत रेटत मधी आणलंस." तिनं टेंगूळ दाबून बघितलं. "आनि जीन घातलीस व्हय आत? नवरात्राच्या आधी धुया काढशील तवा कळंल. पिळाया चार माणसं लागतील."

माझी पाच बोटं पट्ट्यांनी बांधलेली होती. ती पुढं केली, पण आत्या विरघळली नाही.

एकच ओळ शिवायची राहिली होती. आत्या वाकळ संपवताना शेवटच्या टाक्याआधी मधोमध भाकरीचा एक तुकडा घालते. वाकळ उपाशी राहू नये, म्हणते. मी स्वयंपाकघरातून चतकोर भाकरी घेऊन आलो.

आत्यानं एकदा वाकळीच्या पोटाकडे बघितलं, एकदा माझ्या.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ही जेवूनच आल्याली दिसतीया."