भद्रावतीचा पोलाद कारखाना केवळ तोट्याने बंद पडायला आला होता काय?

जानेवारी 2023 मध्ये भद्रावतीचा विश्वेश्वरय्या लोह-पोलाद कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा ‘सरकारी कारखाना होता, तोट्यात गेला, संपला’ एवढ्यावर बहुतेकांनी विषय मिटवला. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातील भद्रा नदीकाठच्या या गावाचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला, तर तोटा हे कारण नसून परिणाम होता, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

या गावाचे जुने नाव बेंकीपूर. तेथे होयसळ काळातले लक्ष्मीनरसिंहाचे मंदिर आहे, म्हणजे वस्ती जुनीच. पण गावाला आजचे रूप दिले ते म्हैसूर संस्थानाने. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले आणि खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1912 ते 1918 या काळात म्हैसूरचे दिवाण होते. संस्थानाने केवळ शेतीवर अवलंबून राहू नये, हा त्यांचा ध्यास होता आणि महाराजा कृष्णराज वाडियार चौथे यांचा त्यांना पाठिंबा होता. टाटांना साकचीच्या (आजच्या जमशेदपूरच्या) पोलाद कारखान्यासाठी सल्ला देणारे अमेरिकन अभियंते पेरिन यांच्याच कंपनीचा सल्ला म्हैसूरनेही घेतला.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. जवळच्या केम्मणगुंडीच्या डोंगरात लोहखनिज होते, मलनाडात, म्हणजे पश्चिम घाटाच्या डोंगराळ पट्ट्यात, जंगल होते, पण दगडी कोळसा नव्हता. म्हणून झोतभट्टी, म्हणजे हवेचा झोत सोडून खनिजातून लोखंड वितळवून काढणारी उंच भट्टी, लाकडी कोळशावर चालवायचे ठरले. नुसता कोळसा पाडून बाकीचे धुरात घालवण्याऐवजी जंगलातून आणलेले ओंडके बंद पात्रात हवेशिवाय तापवायचे, त्यातून निघणारी वाफ थंड करून डांबर, मिथाइल अल्कोहोल आणि अ‍ॅसिटेट वेगळे काढायचे आणि पात्रात उरलेला कोळसा भट्टीत घालायचा, अशी ही योजना होती. कारखान्याच्या पहिल्या नावातच लोखंडाबरोबर लाकडाच्या ऊर्ध्वपातनाचा उल्लेख होता, यावरून या जोडउत्पादनांना किती महत्त्व होते ते कळते. लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नसल्यामुळे लोखंड चांगल्या प्रतीचे निघे. मात्र हा कोळसा ठिसूळ असतो, वरच्या खनिजाच्या भाराने त्याचा भुगा होतो, म्हणून त्यावर चालणारी भट्टी फार उंच बांधता येत नाही. भद्रावतीचा कारखाना लहान राहिला तो कोणाच्या कर्तृत्वात उणे होते म्हणून नव्हे. हातात असलेल्या इंधनानेच त्याची मर्यादा आखून दिली होती. हे लक्षात न घेता पुढे त्याची तुलना महाकाय कारखान्यांशी होत राहिली, याचा मला खेद वाटतो.

18 जानेवारी 1923 रोजी उत्पादन सुरू झाले, तोवर महायुद्धकाळातले लोखंडाचे चढे भाव कोसळले होते. कारखाना पहिल्या दिवसापासून संकटात होता. विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडल्यानंतरही व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि 1929 पर्यंत घडी बसवली. ‘तोट्यात आहे, बंद करा’ हा सल्ला त्या वेळीच मानला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. 1936 च्या सुमारास पोलादाचे उत्पादन आले, त्याच सुमारास गावात म्हैसूर पेपर मिल्सची स्थापना झाली, सिमेंटचा कारखानाही आला. जंगल कोळशाला पुरे पडेना, तेव्हा 1950 च्या दशकात जोगच्या परिसरातल्या शरावती नदीवर तयार होणाऱ्या विजेच्या बळावर विद्युत भट्ट्या बसवून लोखंड काढले गेले. पुढे वाहने, रेल्वे आणि संरक्षण सामग्रीसाठी लागणारी मिश्र पोलादे, म्हणजे इतर धातू मिसळून केलेली खास पोलादे, ही या कारखान्याची ओळख झाली. लहान कारखान्याला जे साधते तेच काम त्याने निवडले, हे त्याचे शहाणपण होते.

1989 मध्ये तो स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाकडे गेला आणि 1998 मध्ये त्या कंपनीत विलीन झाला. माझ्या मते खरी गोम इथून पुढे आहे. केम्मणगुंडीचे खाणकाम थांबले आणि कारखान्याच्या हक्काची खाण उरली नाही. विकतच्या खनिजावर आणि दुरून आणलेल्या कोकवर (दगडी कोळसा भाजून केलेल्या इंधनावर) लहान भट्टी चालवायची, आणि ताळेबंद मात्र स्वतःच्या खाणी असलेल्या कारखान्यांच्या शेजारी ठेवून वाचायचा, हा हिशेब कोणत्या न्यायाने बरोबर ठरतो? 2016 मध्ये निर्गुंतवणुकीला, म्हणजे कारखाना विकायला, तत्त्वतः मंजुरी मिळाली. विक्री होणार असलेल्या कारखान्यात नवे भांडवल कोण घालणार? ऑक्टोबर 2022 मध्ये पुरेसा प्रतिसाद नाही म्हणून विक्रीची प्रक्रिया रद्द झाली, आणि शताब्दीच्याच महिन्यात कारखाना बंद करण्याचा निर्णय आला. कामगारांनी, त्यातही कंत्राटी कामगारांनी, आंदोलन केले आणि ऑगस्ट 2023 मध्ये बार मिल, म्हणजे पोलादाच्या सळ्या लाटणारा विभाग, पुन्हा सुरू झाली. कागद गिरणी तर त्याआधीच थांबली होती, त्यामुळे दोन मोठ्या भोंग्यांवर चालणाऱ्या गावाला हा दुसरा धक्का पेलणारा नव्हता.

केम्मणगुंडीचे डोंगर पुन्हा खोदा, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या जंगलाने अनेक वर्षे या भट्ट्यांना इंधन पुरवले आहे, आणि आता त्याला हात लावता कामा नये. पण बळ्ळारी-संडूर पट्ट्यात खनिज आहे आणि मिश्र पोलादाच्या कारखान्याला लागणारे खनिज महाकाय कारखान्यांच्या मानाने थोडे असते. ते हक्काने मिळाले असते, तर उत्पादनाचा खर्च किती राहिला असता, याचा आकडा आधी लोकांसमोर मांडावा आणि मगच भद्रावतीच्या झोतभट्टीचा निर्णय घ्यावा, एवढी माझी मागणी आहे.