किलीलेचा पाद्री

सकाळी ग्रुपवर परत तेच रील. 'एकट्या रॉलिन्सनने मेसोपोटेमियाची लिपी उलगडली.' मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, आणि ही लिपी म्हणजे तिथली प्राचीन, खिळ्यांसारख्या खुणांची क्युनिफॉर्म. रीलखाली बदामांचा पाऊस. एकट्याने? डोकंच फिरलं.

एडवर्ड हिंक्स हे नाव कुणी ऐकलंय का? आयर्लंडच्या उत्तरेतल्या किलीले गावचा पाद्री. १८२५ ला तिथं गेला आणि १८६६ मध्ये मरेपर्यंत तिथलाच राहिला. रविवारी प्रवचन, एरवी गावातले बाप्तिस्मे, लग्नं, मयतं, आणि उरलेल्या वेळात तिकडच्या प्राचीन असीरियन राजांचे याच लिपीतले लेख. इराकमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. पण एकाच चिन्हाचे अनेक उच्चार होतात, आणि ही लिपी मुळात असीरियन लोकांची नाहीच, आधीच्या दुसऱ्याच कुणाची आहे, हे या माणसाने घरी बसून ओळखलं! असीरियन राजा शाल्मनेसेरच्या काळ्या स्तंभावर बायबलमधल्या येहू राजाचं नाव त्याने १८५१ मध्ये वाचलं.

आमचे आप्पा आठवले. पोस्टात कारकून. संध्याकाळी ओट्यावर बसून लोकांचे मोडी कागद वाचून द्यायचे, मोबदला चहा. एक संशोधक महाशय मोडी कागदांचे रुमालचे रुमाल घेऊन आले. आप्पांनी रात्री जागून सगळं बाळबोधीत उतरवून दिलं. पुस्तक आलं. आभाराच्या यादीत टायपिस्टसुद्धा होता, आप्पा नव्हते.

रॉलिन्सन कंपनी सरकारचा माणूस, १८२७ ला आपल्या मुंबईत उतरलेला. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर जीव धोक्यात घालून त्याने तिथे कोरलेले क्युनिफॉर्म लेख उतरवले, ते मान्य. पण सत्ता, ओळखीपाळखी सगळं त्याच्याकडे. हिंक्सला ब्रिटिश म्युझियमने जेमतेम वर्षभर कामाला घेतलं. आप्पांना तेवढंही नाही म्हणा.

आणि १८५७ ची परीक्षा? टिग्लथ-पिलेसर या असीरियन राजाचा एकच लेख, रॉलिन्सन, हिंक्स, ओपर्ट, टॅल्बट या चौघा अभ्यासकांनी वेगवेगळा वाचायचा, भाषांतरं सीलबंद. पाकिटं फोडली तर अर्थ बराचसा जुळला, आणि सगळ्यात जवळची निघाली रॉलिन्सनची आणि हिंक्सची. लिपी खरंच वाचता येते हे जगाला तेव्हा पटलं. मग 'एकट्या' कुठून आलं?

आप्पा कधी चिडले नाहीत. "कागद वाचला गेला ना, झालं," म्हणायचे. एवढा चांगुलपणा मला झेपत नाही. हिंक्स तसा नव्हता. आधी कुणी शोधलं यावरून त्याचं आणि रॉलिन्सनचं चांगलंच वाजलं. तिरसट होता म्हणे. असू दे की! बरं झालं भांडला.

ज्यांनी रील पुढे ढकललंय त्यांनी त्याच ग्रुपवर हिंक्सचं नाव टाका. वाद घालायचा असेल तर रात्री जेवण झाल्यावर या, मी जागा आहे.