हवा फार, खुराक कमी

"गाडीला पेट्रोल कमी पडतंय," असं कोल्हापुरात कुणालाही सांगा, समोरचा आधी खिशात हात घालतो. "पाचशे देऊ काय मर्दा?" पैसे नकोत, टाकी फुल्ल आहे, तरीही पेट्रोल कमी पडतंय, हे पटवून देईपर्यंत चहा गार होतो आणि समोरच्याची खात्री होते की ह्याच्या घरात काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतं ते गाडीत. जुनी जर्मन गाडी, अठराशे सीसी, चार सिलिंडर आणि क्रँकवरून पट्ट्यानं फिरणारा सुपरचार्जर. आधीच्या मालकानं त्या सुपरचार्जरची पुली काढून लहान बसवलेली. पुली लहान की सुपरचार्जर जोरात फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. पेट्रोलची व्यवस्था मात्र त्यानं कंपनीची होती तीच ठेवली. विकताना म्हणाला, "पिकप बघा नुसता." पिकप होता, नाही म्हणत नाही. साडेपाच हजार आरपीएमच्या वर गेलं की आतून कडकड आवाज यायचा, एवढंच.

मेस्त्रींनी तो आवाज एकदाच ऐकला आणि किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. मेस्त्री तरुणपणी तालमीत घुमलेले. कुठलंही इंजिन शेवटी त्यांच्या हिशेबात लाल मातीवरच येतं.

"पैलवानाची मेहनत वाढवली आन् खुराक तेवढाच ठेवला, तर काय हुतंय?"

"वाळतो."

"त्यो वाळतोय. ह्येचा पिस्टन वितळतोय."

पुस्तकातलं गणित असं, की एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला 14.7 किलो हवा लागते. पण हवा दाबून भरलेल्या इंजिनाला फुल्ल ॲक्सिलरेटरवर हे प्रमाण साडेअकरा ते बारापर्यंत खाली आणावं लागतं, म्हणजे पेट्रोल जास्तीचं सोडावं लागतं. त्यातलं थोडं जळण्यापेक्षा आतली उष्णता ओढून घ्यायलाच जास्त उपयोगी पडतं. ते मिळालं नाही तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक पेटतं. तीच ती कडकड.

मेस्त्रींच्या भाच्यानं लॅपटॉप जोडला. हे एक बरं झालंय, हल्ली प्रत्येक मेस्त्रीला एक लॅपटॉपवाला भाचा असतो. त्यानं सांगितलं, इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, सत्त्याण्णव टक्के वेळ उघडेच राहतायत. ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर गेले की समजायचं, आता वाढवायला काही शिल्लक नाही. तेव्हा इंजेक्टर मोठे, प्रत्येकी मिनिटाला 550 सीसी सोडणारे. आमच्या हिनं तिथंच हिशेब केला: चार इंजेक्टर, ऐंशी टक्के, म्हणजे फुल्ल ॲक्सिलरेटरला मिनिटाला पावणेदोन लिटर. "शंभरानं धरलं तरी मिनिटाला पावणेदोनशे रुपये," ती म्हणाली, आणि नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघत होती.

मोठ्या इंजेक्टरना पुरवठा कोण करणार? पंप. म्हणून टाकीतला पंप मोठा, ताशी 255 लिटरवाला. पण हे 255 पूर्ण व्होल्टेज असताना. कंपनीच्या बारीक वायरीतून पंपापर्यंत जाता जाता व्होल्टेज गळतं आणि पंप सुस्तावतो. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड वायर, रिले, फ्यूज. बरं, सुपरचार्जर इंजिनात 0.7 बार दाब करत असेल, तर तो दाब इंजेक्टरच्या तोंडावर उलटा बसतो. तेव्हा पेट्रोलचा दाबही 3 वरून 3.7 बारवर चढायला हवा. म्हणून इंजिनाच्या दाबाकडे बघून आपला दाब वाढवणारा रेग्युलेटर. त्या रेग्युलेटरनं नको असलेलं पेट्रोल परत टाकीत सोडायचं, तर परतीची लाइन. प्रत्येक वस्तू बसवताना मेस्त्री म्हणायचे, "एवढं झालं की झालं." हे वाक्य ज्यानं घर बांधलंय त्याला नव्यानं समजावून सांगायला नको.

इंजेक्टर आले ते जुन्यांपेक्षा आखूड. त्यांना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीपर्यंत, म्हणजे रेलपर्यंत, पोचेनात. मधे बसवायला छोट्या बुशा हव्या होत्या. म्हटलं, ह्यात काय, आपलं उद्यमनगर आहे की. ज्या गावात ऑइल इंजिनं घडली, जिथलं कास्टिंग देशभरातल्या गाड्यांत जातं, तिथं चार बुशा म्हणजे हातचा मळ. लेथवाल्यानं नमुना हातात घेतला, डोळ्यासमोर धरला, व्हर्नियर लावला, ओ-रिंगच्या खाचेत नख फिरवून बघितलं. मग कानावरची पेन्सिल काढून विचारलं, "नग किती?"

"चार."

"हजार?"

"नुसते चार."

त्यानं नमुना माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ स्वतःच मिटली. मेस्त्रींचं नाव सांगितल्यावर मूठ पुन्हा उघडली गेली. बुशा मिळाल्या, काट्याला काटा अशा. पैसे घेतले नाहीत, "चार नगाचं बिल फाडू काय?" म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखर लाज होती.

पंप बदलायचा दिवस आमच्या अंगणात उजाडला. मागची सीट काढली की खाली टाकीचं झाकण. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरला. मग बॅटरीची वायर काढली. मोबाइल घरात, पाण्याच्या बादलीजवळ वाळूची बादली, हातात अग्निशामक नळकांडं घेऊन मी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत राहते. मेस्त्रींनी झाकण उचललं, जुना पंप अर्धा बाहेर आला, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या दारात आई उभी. हातात ताट: हळद, कुंकू, नारळ, तेवती निरांजन आणि उदबत्ती.

"नवं मशीन बसतंय, तसंच बसवतोय होय रे?"

तालमीतला माणूस किती जोरात ओरडू शकतो ते गल्लीनं ऐकलं. आई ताटासकट माघारी फिरली, पण हट्ट सोडला नाही. शेवटी पंपाला हळदकुंकू लागलं ते आत, देवघरासमोर, खोक्यात असतानाच. टाकीत हळद जायला नको म्हणून मेस्त्रींनी खोक्यालाच लावायला लावलं, हे आईला अजून माहीत नाही.

टाकीतल्या पाइपचा तुकडा बदलताना मेस्त्रींनी दुकानातला नेहमीचा रबरी पाइप नाकारला. तो आतून पेट्रोल सोसतो, पण बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडालेला राहिला की फुगून मऊ पडतो. टाकीत बुडवायचा पाइप वेगळा मिळतो, महाग मिळतो. त्यात आता इथेनॉल. 2023 साली ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं आणि आता पंपावर जाल तिथं तेच. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, किलोला नऊच किलो. म्हणजे उलटं बघितलं तर तेवढ्याच हवेत ते जास्त घालावं लागतं. वीस टक्के मिसळलं की 14.7 चं गणित साडेतेरापर्यंत घसरतं. भाच्यानं इंजेक्टर एक माप मोठे का निवडले, ते तेव्हा मला कळलं.

हे काकांच्या कानावर गेलं. काकांचा ऊस दर हंगामात कारखान्याला जातो, आणि इथेनॉल उसापासूनही होतं.

"म्हंजे आमचा ऊस तुझी गाडी खातीय?"

"थोडाफार."

"मग तिला म्हणावं, बिल तरी भागव." ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, आणि तो काकांना तोंडपाठ आहे, कारण तो आठवायची वेळ त्यांच्यावर वरचेवर येते. त्यानंतर मी गाडी घेऊन गावी गेलो की ते टाकीच्या झाकणाकडे थकबाकीदाराकडे बघावं तसं बघतात.

सगळं जोडून झाल्यावर उरलं फक्त ट्यूनिंग. भाचा मागं लॅपटॉप घेऊन, मेस्त्री शेजारी, "मलाही बघू दे मिनिटाला पावणेदोनशे कुठं जातात" म्हणून ही मागच्या दुसऱ्या खिडकीला. पहाटे हायवेला मोकळा पट्टा सापडला. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर तळाला. काही सेकंदांचाच खेळ. कडकड नाही. भाचा ओरडला, "साडेअकरा! दाब हालत न्हाई! इंजेक्टर अठ्ठ्याहत्तर!" मेस्त्रींनी डॅशबोर्डवर थाप मारली.

परतताना गाळपाचा हंगाम आडवा आला. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याच्या पुढे बैलगाड्या, स्पीकरवर फुल्ल आवाजात गाणी. कितीतरी वेळ पहिल्या गिअरमध्ये. भाचा अजून लॅपटॉपमध्ये बघत होता.

"आता किती?" मी विचारलं.

"चार टक्के."

मेस्त्रींनी काच खाली केली, शेजारून सरकणाऱ्या ट्रॉलीतला एक ऊस ओढून घेतला, गुडघ्यावर मोडला, आणि एक पेरं मागं हिच्याकडे दिलं. "घ्या वैनी," ते म्हणाले, "टाकीत पडायच्या आधी."