‘पाठीतली सुई अंदाजानं खुपसतात’: सही अडवणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मुलांच्या पाठीत भुलीची सुई अंदाजानं खुपसतात, किती खोल जायचं ते डॉक्टरलाच ठाऊक नसतं, बेशुद्ध मूल ओरडूही शकत नाही, पाय लुळे पडतात, पाठ जन्मभर दुखते, सही करू नका. तो वाचून माझी वहिनी मुलाचं किडनीचं ऑपरेशन पुढे ढकलायला निघाली! मी भूलतज्ज्ञ आहे. गप्प बसवत नाही.

अंदाज असतो, हे मान्य. पण कसला? सहा महिने ते दहा वर्षांच्या मुलांत कमरेपाशी त्वचेपासून एपिड्युरल जागा (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची फट, दुखणं थांबवणारं औषध तिथे सोडतात) साधारण किलोमागे १ मिलिमीटर खोल. दुसरं सूत्र: वजनाला ०.०५ नं गुणून ०.८ मिळवा, उत्तर सेंटिमीटरमध्ये. तिसरं वयावरून: वर्षं गुणिले ०.१५, अधिक १. पुतण्या ४ वर्षांचा, १६ किलोचा. तिन्ही हिशेब १.६ सेंटिमीटरच सांगतात. दर वेळी असे जुळत नाहीत, गुटगुटीत मुलात तर नाहीच. म्हणून कोणी नुसत्या आकड्यावर सुई थांबवत नाही. सावध कुठे व्हायचं तेवढं तो सांगतो. सिरिंजमध्ये सलाइन भरून, दट्ट्यावर दाब ठेवून सुई जराजराशी सरकवतात. चिवट अस्थिबंधात दट्ट्या अडतो, पलीकडे निघताच दाब सुटतो. तिथेच थांबायचं. सोनोग्राफीनं खोली आधी मोजताही येते. क्वचित सुई पुढच्या पडद्याला, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाला लागते, हेही खरं.

आणि ‘ओरडू शकत नाही’ म्हणे! चार वर्षांचं मूल जागं असताना दचकून वळलं तर सुई कुठे जाईल, याचा विचार केलाय? त्याच्या सुरक्षेसाठीच आधी पूर्ण भूल देतात.

लुळेपणाचं बोलायचं तर अमेरिकेतल्या ‘पीडियाट्रिक रीजनल अ‍ॅनेस्थेशिया नेटवर्क’नं २०१८ मध्ये मुलांच्या १ लाखाहून अधिक ब्लॉकची (शरीराचा एखादा भाग बधिर करणाऱ्या इंजेक्शनांची) नोंद छापली. सगळे एपिड्युरल नव्हते, पण बहुतेक पूर्ण भुलीखाली दिलेले. नसांना कायमची इजा एकालाही नाही. तात्पुरता बधिरपणा वगैरे दहा हजारांत दोन-तीन जणांना.

पाठ टोचल्या जागी काही दिवस दुखते, बस्स.

सहीआधी भूलतज्ज्ञाला एवढं मात्र सांगाच: लागल्यावर रक्त लवकर थांबत नाही का, कमरेवर फोड किंवा पू आहे का, मणक्यात जन्मजात दोष आहे का, औषधं कोणती चालू आहेत. यातलं काही निघालं तर एपिड्युरल टाळून दुसऱ्या तऱ्हेनं दुखणं थांबवता येतं.