कितवा नंबर आला म्हणे!

"कितवा आलास?" हा प्रश्न ज्यानं शोधून काढला त्याला एकदा पस्तीस किलोमीटर पळवून सकाळी नऊच्या उन्हात मुंबईच्या पेडर रोडच्या चढाला सोडा. वर पोचलाच, तर मी विचारतो त्याला, कितवा आलास बाबा?

काल मुंबई मॅरेथॉन झाली, रात्री स्लीपरमध्ये मुडपून पडलो, सकाळी बेळगावात. गुडघे वाकत नाहीत. कठड्याला धरून जिना उलटा उतरायलोय आणि खाली शेजारचे काका उभे, मफलर गुंडाळून, पेपर घेऊन.

"काय रे, मुंबईला पळायला गेलतास म्हणे. कितवा आलास?"

म्हटलं काका, तिथं हजारो लोक पळतात.

"ते असूंदे की. कितवा?"

म्हटलं, पूर्ण केली. बेचाळीस किलोमीटर, वर १९५ मीटर.

"म्हणजे नंबर न्हाई."

म्हटलं, पुढं येणारे इथिओपिया-केनियाचे असतात हो. २०२३ साली हायले लेमीनं २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत संपवली.

"आणि तुला?"

पाच तास.

काकांनी पेपरची घडी घातली. "पाच तासात आमचा जावई पुण्याहून कार घेऊन येतोय की रे."

इथं गप्प बसून घरात जायचं. पण समजावून सांगायची खोड आहे ना मला! म्हटलं, काका, इथनं खानापूरला पळत जायचं आणि तिथनं माघारी फिरून देसूरजवळ यायचं, एवढं अंतर आहे ते. "खानापूरला बस हाय की." मग काका पैशांवर आले. त्यांनी किती दिले? म्हटलं, ते देत नाहीत, आपण भरायचे. काका हसले असते तर चाललं असतं. हसले नाहीत. चेहऱ्यावर खरोखरची कीव होती. मेडल दाखवलं, तर उलटंपालटं करून विचारतात, "सगळ्यांनाच देतात काय हे?" होय. "मग!" आणि वर, नातवाला शाळेत लिंबू-चमच्यात दुसरा नंबर आलाय, स्टीलचा डबा दिलाय. झाकणाचा.

अरे, पावसाळ्यापासून पळायलोय मी! बेळगावचा पाऊस, सांगायला नको. काँग्रेस रोडची कुत्री मला वासानं ओळखतात आणि तरी रोज नव्यानं मागं लागतात. खणलेला रस्ता परत बुजवायचा असतो, हे या गावात कुणाला कुणी सांगितलेलंच नाही. एका चरीत पाय मुरगळला, तर तिथंच बसलेला एकजण म्हणतो, बघून पळायचं की. व्हॅक्सिन डेपोत, म्हणजे आमच्या फिरायच्या जागेत जावं, तर चौघंजण रस्त्याच्या रुंदीभर हात हलवत, गुडघेदुखीवर चर्चा करत. जागा द्या म्हटलं की "आम्ही पण व्यायामालाच आलोय." ऑफिसात रजेचा अर्ज दिला, तर साहेब विचारतात, कारण काय लिहू? पळायला? बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शनिवारपर्यंत मुंबईत बीकेसीला स्वतः जाऊन घ्यावा लागतो, रविवारी पहाटे मिळत नाही, म्हणून रजा. हे त्यांना दोनदा समजावलं. शेवटी त्यांनी 'घरगुती कार्य' लिहिलं.

आणि इतकं करून सराव कुठं? साडेसातशे मीटर उंचीवर, थंडीत. पळायचं कुठं? मुंबईच्या दमट हवेत, जिथं जानेवारीतसुद्धा बनियन पिळून घ्यावं लागतं. त्यात सी लिंकवर पुढचा माणूस अचानक थांबतो. पेटका आला असेल म्हणून जीव कळवळतो आपला, तर त्यानं मोबाईल वर केलेला! मागनं लोंढा येतोय आणि हा हनुवटी कुठल्या बाजूला करू ते बघतोय. असल्यांना तिथंच समुद्र दाखवावा.

पण हे सगळं एकीकडं आणि आमचा साडू एकीकडं.

साडूनं त्याच मॅरेथॉनमधला ड्रीम रन केला. सहा किलोमीटर, वेळ मोजत नाहीत, अर्धं चालत, मध्ये लेझीम दिसली तिथं नाचून. चांगली गोष्ट, देणग्या गोळा होतात, माझं काही म्हणणं नाही. पण गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागलाय! 'मुंबई मॅरेथॉन गाजवणारे'. गॉगल, हात कमरेवर, मागं सीएसएमटी. इकडं कर्नाटकात फलकावर साठ टक्के कन्नड पाहिजे म्हणून वरचा मोठा भाग तिकडं गेला, राहिलेल्या चाळीस टक्क्यांत साडूचं पोट. काकांनी त्याचा सत्कार केलाय, नारळ देऊन. त्याला नाही विचारलं कितवा आलास!

बायकोला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, त्यांचा फोटो चांगला आलाय पण. तुमच्या फोटोत तुम्ही मयताला निघाल्यासारखे दिसताय.

संध्याकाळी मंडळाची पोरं वर आली. म्हणाली, मामा, तुम्ही पण गेलता म्हणे, सांगायचं नव्हं? फ्लेक्सच्या खाली कोपऱ्यात शुभेच्छुकांच्या ओळीत अजून एक चौकोन रिकामा आहे, स्टिकर चिकटवतो. पाचशे रुपये.

दिले. फोटो मात्र लग्नातला दिलाय.