मागची हवा कमी करू नका
ड्रॅग रेसच्या (४०२ मीटरच्या सरळ शर्यतीच्या) तयारीवरच्या लेखात चारही टायरची हवा उतरवायला सांगितलंय, ते स्विफ्ट-पोलोसारख्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या गाड्यांना चालत नाही. सुटताना वजन मागे जातं आणि पुढची चाकं जागीच फिरतात. म्हणून पुढच्या चाकांना पकड मिळावी यासाठी हवेचा दाब पुढे २४-२६ पीएसआय, मागे ३८ ठेवा. स्टेपनी, जॅक काढून ठेवा. सोलापूरच्या उन्हात टायर तापला की दोन-तीन पीएसआय आपोआप चढतात, म्हणून रांगेत लागण्याआधी परत मोजाच. क्लच ३००० आरपीएमच्या आसपास सोडा, अर्ध्यावर धरून ठेवलात तर प्लेट जळते. वास आला तर पुढची रन (फेरी) सोडून द्या, बॉनेट उघडून गाडी थंड होऊ द्या. आणि कळकळीने सांगतो, विजापूर रोडवर सराव नको. रस्त्यावर शर्यत लावण्याविरुद्धचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहेच, पण ४०२ मीटरनंतर थांबायला मोकळी जागा लागते. तिथे रात्री बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या असतात.